देवाकडेच निघालो होतो, आणि त्यानेच वाट अडवली

नानापेठकरीण | सोमवार, रात्री ११.४०

इथे गेली सहा वर्षं फक्त वाचते. पाककृतींच्या धाग्यांवर दोन-चारदा लिहिलं असेल, तेवढंच. आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

यंदा आम्ही दोघं पहिल्यांदाच वारीला निघणार होतो. हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून ३१ मेला निवृत्त झाले. बेत मात्र तीन वर्षांपूर्वीच ठरला होता: निवृत्तीनंतरची पहिली आषाढी, आळंदी ते पंढरपूर, सगळं पायी. दिवाळीपासून रोज पहाटे पर्वती चढत होतो. दोनदा नाना पेठेतून आळंदीला चालत जाऊन आलो. माउलींच्या रथामागच्या एका दिंडीत नावं दिली, भिशी (दिंडीतल्या जेवणखाणाचे पैसे) भरली. माझ्या पोळ्यांच्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी सांगून ठेवलं. सॅक भरून दाराच्या खुंटीला लावली होती. दोन नऊवारी, ताडपत्री, टॉर्च, क्रेप बँडेज, व्हॅसलिनची मोठी डबी, आणि माझ्या वडिलांचे टाळ.

गेल्या मंगळवारी वटपौर्णिमा. मी वडाला गेले होते. अर्ध्या-पाऊण तासात परत आले तर आई (माझ्या सासूबाई, वय ८१) न्हाणीघरात पडलेल्या. माझ्या हातात पूजेचं ताट तसंच. खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, अर्धा सांधा बदलला. काल घरी आणलं.

येत्या गुरुवारी आळंदीहून प्रस्थान आहे. हे म्हणाले, "तू जा, मी बघतो आईकडे." पण आई मुलाकडून अंग पुसून घेत नाहीत. बेडपॅन तर नाहीच. दोन दिवस ब्युरोची मावशी आली, तिच्याशीही त्यांचं जमेना. मग मीच म्हटलं, नाही जात.

आता जे मनात आहे ते लिहिते. त्यांना जमिनीवर पाहिलं तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो "आत्ताच?" असा. त्यांना किती लागलं असेल, हे नंतर आलं. त्या एका शब्दाची लाज मला आठवडाभर खाते आहे.

आणि देवावर राग आहे. काश्मीरला निघालो होतो का आम्ही? त्याच्याचकडे निघालो होतो ना? भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "देवाची काहीतरी योजना असेल." मला ते वाक्य सोसत नाही. इथे कुणाचा ठरलेला बेत असा मोडला असेल आणि तरी त्याच्यावरचा विश्वास टिकला असेल, तर कसा टिकला ते सांगा. खरं सांगा.

---

माळकरी | मंगळवार, पहाटे ४.५०

ताई, माउली. मी मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर असतो, म्हणून या वेळी जागा. सव्वीस वाऱ्या झाल्या. तुमचं वाचून २०२० आठवलं.

त्या वर्षी वारी झालीच नाही. पादुका दशमीला एसटीने पंढरपूरला गेल्या, मोजकी माणसं बरोबर. आमच्यासारख्यांनी घरी बसायचं. माझे वडील तेव्हा होते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला त्यांनी पताका खांद्यावर घेतली आणि गच्चीत चालायला लागले. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या दारापर्यंत चाळीस पावलं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. आज लोणंद, आज फलटण, असं म्हणायचे. चांदोबाच्या लिंबाच्या दिवशी गच्चीत उभं रिंगण केलं, माझी दोन पोरं आणि शेजारचा एक मुलगा. मी रडत होतो, ते रडत नव्हते. म्हणाले, "अरे, तो कुठे गेलाय? आपलीच वाट बंद झालीये."

पुढच्या वर्षीही पादुका बसनेच गेल्या. बावीस साली वारी सुरू झाली तेव्हा वडील नव्हते.

पुंडलिकाची आठवण ठेवा ताई. आईबापाची सेवा चालली होती म्हणून देवाला विटेवर उभं केलं त्याने. तुमच्या घरी आता तेच चाललंय.

---

नानापेठकरीण | मंगळवार, दुपारी २.१५

दादा, तुमच्या वडिलांची चाळीस पावलं वाचून पदर डोळ्याला लावला.

पण पुंडलिकाबद्दल बोलते, रागावू नका. आठवड्याभरात अकरा जणांनी तो मला ऐकवला. पुंडलिकाने सेवा स्वतः निवडली होती, माझ्यावर ती येऊन पडली. तो वीट फेकून "थांब" म्हणाला, त्यात त्याचा मान होता. मी कुणाला थांब म्हटलं नाही, मलाच थांबवलंय. आणि तो त्यांचा मुलगा होता, सून नव्हता. सुनेच्या सेवेला कुणी वीट देत नाही.

---

सरळरेषा | मंगळवार, दुपारी ३.०५

मी देव मानत नाही, हे आधीच सांगतो. धाग्याला फाटा फोडायला आलेलो नाही. ताईंना ते वाक्य का सोसत नाही, हे मला समजतं, म्हणून लिहितो.

"देवाची योजना असेल" म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो बघा. तुम्हाला काहीतरी शिकवायचं म्हणून ८१ वर्षांच्या एका बाईचं हाड मोडलं गेलं. म्हणजे त्या बाई फक्त साधन. असा हिशेब करणारा कुणी असेल तर त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? न्हाणीघरातली फरशी ओली होती आणि त्या वयात हाडं ठिसूळ असतात. कारण एवढंच आहे.

माझी आई श्रद्धाळू होती. तिच्या शेवटच्या आजारपणात असली वाक्यं ऐकून ती जास्त खचली. आपलं काय चुकलं, हेच शोधत बसायची. म्हणून कळकळीने लिहिलं. कमीजास्त झालं असेल तर माफ करा.

---

पूर-एकसष्ट | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

सरळरेषा, तुमच्या पहिल्या मुद्द्याशी हा म्हातारा पूर्ण सहमत आहे आणि तरी आस्तिक आहे. कसं ते सांगतो.

१२ जुलै १९६१. मी अकरा वर्षांचा. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. आम्ही जिवानिशी निघालो, अंगावरच्या कपड्यांनिशी. मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. आईने वर्षभर जमवलेला रुखवत, भांडी, दोन शालू, सगळं चिखलात. पाणी उतरल्यावर घरी गेलो तर भिंती होत्या कमरेपर्यंत. देवघराच्या कोनाड्यात गाळ भरलेला. आईने हाताने गाळ काढला. बाळकृष्ण सापडला, त्याचा पाट नाही सापडला.

शेजारच्या एका काकू म्हणाल्या, "बघा, देव राहिला तुमचा." आई फटकन म्हणाली, "देव राहिला म्हणून काय झालं, तुमची म्हैस गेली ना." काकूंची दावणीची म्हैस वाहून गेली होती आणि त्या आमचं सांत्वन करत होत्या! आईला तो हिशेब मान्यच नव्हता, की आमचा देव राहिला म्हणजे आमच्यावर कृपा आणि तुमची म्हैस गेली म्हणजे तुमच्यावर कोप.

पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत राहिलो. बहिणीचं लग्न पुढच्या वैशाखात झालं, उसन्या शालूवर. आईने बाळकृष्णाला रोज आंघोळ घालायचं सोडलं नाही. मी एकदा विचारलं, त्याने तर आपल्याला वाचवलं नाही. म्हणाली, "त्याच्याही अंगाला गाळ लागला होता." बस. पंच्याहत्तरी उलटली, पण देवाबद्दल याहून खरं वाक्य मी कुठल्या प्रवचनात ऐकलं नाही.

तो धरण फोडणारा नव्हे. आपल्याबरोबर गाळात असलेला. मी एवढंच धरून आलोय.

---

पंचहौद | मंगळवार, रात्री ९.५०

मी ख्रिस्ती आहे. आमच्याकडेही ते वाक्य वारंवार म्हटलं जातं, आणि दुखावलेल्या माणसाला ते तितकंच टोचतं. पण गेथशेमाने बागेतला येशू आठवतो. हा प्याला टळो, अशी त्याने आधी सरळ मागणी केली, घाम गाळून केली. "माझ्या इच्छेप्रमाणे नको" हे त्यानंतर आलं. आपण पहिलं वाक्य गाळून माणसाला थेट दुसऱ्यावर न्यायला बघतो.

ताई, पंडिता रमाबाईंचं आयुष्य मी पुन्हा पुन्हा वाचते. आईवडील दुष्काळात गेले. लग्न झालं तर दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, १८८२ मध्ये, पती कॉलऱ्याने गेले. कडेला तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायचं म्हणून. बायकांसाठी बाई डॉक्टर हवी, हा ध्यास होता. आणि तिथे त्यांना ऐकू कमी येतं म्हणून ते शिक्षणच घेता आलं नाही. समुद्र ओलांडून गेल्यावर दार बंद! नंतर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं, मग केडगावला दुष्काळातल्या शेकडो बायका-मुलींना आसरा मिळाला. हे सगळं आपल्याला आज माहीत आहे. त्या दिवशी इंग्लंडमध्ये बसलेल्या पंचविशीच्या विधवेला यातलं काहीही दिसत नव्हतं. तिच्यासमोर फक्त बंद दार होतं.

आणि पुढचं सगळं गोड झालं असंही नाही. १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. मग वर्षभरात रमाबाईही गेल्या. त्याच शेवटच्या काळात त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम संपवत होत्या. मुलगी गेल्यावरही त्या टेबलाशी बसत राहिल्या. माझ्यासाठी विश्वास म्हणजे ते टेबल आहे.

---

हडपसरची सिस्टर | बुधवार, सकाळी ६.२०

नाइट ड्यूटी संपवून लिहिते आहे. अस्थिरोग वॉर्डात चौदा वर्षं झाली. तुमच्या धाग्यात आजींबद्दल कुणी विचारलंच नाही, म्हणून आधी तेच.

अर्धा सांधा बदललाय तर झोपवून ठेवू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर दिवसातून तीन-चारदा खुर्चीत बसवा, वॉकरवर उभं करा. दुखेल, तरी करा. पडून राहिलं की छातीत कफ साठतो आणि माणूस त्याने जातो, हाडाने नाही. मांडी घालू देऊ नका, पायावर पाय टाकू देऊ नका, खाली उकिडवं बसणं बंद. खुर्ची उंच हवी. कमोडवर उंची वाढवणारं सीट बसवून घ्या. कुशीवर वळवताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. दर दोन तासांनी कूस बदला, माकडहाड आणि टाचा रोज बघा. लाली दिसली आणि दाबल्यावरही गेली नाही, तर लगेच कळवा.

आणि एक महत्त्वाचं. या वयात ऑपरेशननंतर रात्री भ्रम होतो. माणसं ओळखत नाहीत, शिव्या देतात, गेलेल्यांना हाका मारतात. घाबरू नका. रात्री बारीक दिवा चालू ठेवा, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवा, घड्याळ दिसेल असं लावा. एकच ओळखीचा आवाज जवळ असू द्या. पण दोन-तीन दिवसांत उतरला नाही किंवा ताप आला, तर वाट बघू नका.

आता तुमचं. तो "आत्ताच?" मी रोज ऐकते, ताई. मुलगे बोलतात, सुना बोलतात, मुलीसुद्धा बोलतात. लग्न आठ दिवसांवर असतं, व्हिसा आलेला असतो. ज्यांच्या तोंडून तो शब्द निघतो तीच माणसं मग रात्रभर स्टुलावर बसलेली मी पाहिली आहेत. त्या शब्दावरून स्वतःची परीक्षा करू नका.

---

नानापेठकरीण | बुधवार, दुपारी १.००

सिस्टर, भ्रमाचं तुम्ही सांगितलंत आणि काल रात्री तेच झालं होतं! मला माझ्या नणंदेच्या नावाने हाका मारत होत्या, ती तर परदेशात. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. आज यांनी भिंतीवरचं घड्याळ काढून समोर लावलं.

ताडपत्री लागली. सॅकमधून काढली आणि चादरीखाली घातली. घट्ट बसली, गादी वाचली.

काका, तुमच्या आईंचं वाक्य यांना वाचून दाखवलं. हे बराच वेळ गप्प होते.

---

कथेकऱ्याची लेक | बुधवार, रात्री १०.३०

माझे वडील कीर्तन करायचे. पुंडलिकावर तुम्ही जे लिहिलंत ते वाचून राहवेना. ताई, तुमचं बरोबर आहे, पण गोष्ट तुम्हाला अर्धीच ऐकवली गेली आहे.

वडील ती अशी सांगत. पुंडलिक आधी आईबापांना छळणारा. बायकोला घेऊन काशीला निघाला. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मुक्काम पडला. पहाटे बघतो तर मळक्या वस्त्रांच्या तीन स्त्रिया येतात, अंगण झाडतात, सडा घालतात आणि लखलखीत होऊन बाहेर पडतात. त्या गंगा, यमुना, सरस्वती. ऋषी आईबापांची सेवा करतात म्हणून नद्याच त्यांच्या दारी येतात. पुंडलिकाची काशी तिथेच संपली. तो मागे फिरला.

म्हणजे पंढरपूर उभं आहे ते एका मोडलेल्या यात्रेवर! वडील इथे वीणा थांबवायचे आणि विचारायचे, "काशीला पोचला असता तर आज आपण कुठे गेलो असतो?"

त्याने आनंदाने निवडलं असं कुणी सांगितलं? आश्रमातून घरी परत येतानाची वाट कशी गेली असेल, बायको काय म्हणाली असेल, यावर कथा गप्प आहे. मला तरी वाटतं, तो चरफडतच आला असेल.

आणि सुनेला वीट नाही म्हणालात, ते खरं आहे, मलाही लागलं. पण आपल्याकडे जनाबाई आहे. ती दासी होती, दळणकांडण, शेणगोठा तिच्या वाट्याचं. तिला विटेची गरज पडली नाही. तिच्या जात्यालाच हात लावायला तो आला, असं ती सांगते. आणि तीच जनाबाई त्याला शिव्याही घालते, भर अभंगात, आणि वारकरी त्या टाळ वाजवत म्हणतात. तुम्ही त्याच्याशी भांडताय ते संप्रदायाबाहेरचं नाही. खुशाल भांडा.

---

हिंजवडी-रिटर्न | गुरुवार, सकाळी ९.१०

फक्त हजेरी लावतो. मार्चमध्ये नोकरी गेली, फ्लॅटचा हप्ता चालू आहे, बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. हा धागा दोन रात्री वाचतोय. पूर-एकसष्ट काकांचं वाक्य वहीत लिहून घेतलं. आज संध्याकाळी तिला आकडा सांगतो.

---

पूर-एकसष्ट | गुरुवार, सकाळी ९.४०

सांगा बाळा. आजच सांगा.

---

नानापेठकरीण | रविवार, रात्री ११.२०

सगळ्यांना उशिरा उत्तर देते आहे. घरात तीन दिवस पाय ठेवायला जागा नव्हती.

शुक्रवारी रात्री पालख्या आल्या. तुकोबांची निवडुंग्या विठोबात, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि माउलींची भवानी पेठेत. दरवर्षी परभणीकडच्या सात-आठ बायका आमच्या जिन्यात आणि ओसरीवर उतरतात. आईंनीच चाळीस वर्षांपूर्वी ही रीत लावली. मला वाटलं होतं, यंदा नको म्हणावं. आईंनी भ्रमातून बाहेर आल्यावर पहिलं विचारलं ते हेच, "पीठ दळून आणलं का? त्या येतील."

शनिवारी त्यातल्या एक आजी आत आल्या. आईंच्याच वयाच्या असतील. तळपायाला एवढ्या भेगा की पाच रुपयांचं नाणं मावेल. पलंगाशी आल्या, "कोणता पाय?" एवढंच विचारलं आणि दुसऱ्या, चांगल्या पायावर डोकं ठेवलं. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, ती रीतच आहे. पण आईंना उठून त्यांच्या पाया पडता येईना. त्यांनी पडल्या पडल्या हात जोडले आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा रडल्या. दुखतं म्हणून नाही, वाकता येत नाही म्हणून. आजी तिथेच जमिनीवर बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, काय असेल तर दे पायाला लावायला." मी सॅकमधली व्हॅसलिनची डबी आणली. माझ्या पायांसाठी घेतलेली. त्यांच्या भेगांना मीच लावली. मग आईंच्या टाचांना लावली, सिस्टरांनी सांगितलं होतं ना, टाचा बघा म्हणून.

तेव्हा मला फार मोठं काही वाटलं असं नाही. पाठ दुखत होती आणि गॅसवर पिठलं होतं. पण आठवड्याभराने पहिल्यांदा राग आठवला नाही.

आज पहाटे हे सासवडपर्यंत गेले, मीच पाठवलं. दिवेघाट चढून रात्री एसटीने परत आले. दिंडीप्रमुख म्हणाले, भिशी परत घ्या. यांनी घेतली नाही, आमच्या जागी कुणी जेवेल म्हणाले. मी खिडकीतून हडपसरच्या दिशेला बघत होते. मला अजूनही जायचं होतं. ते गेलेलं नाही, खोटं कशाला सांगू.

योजना होती का, हे मला कळत नाही आणि सरळरेषा, तुमच्या आईंबद्दल वाचल्यापासून ते वाक्य मी कुणालाच म्हणणार नाही. देवाशी बोलणं थोडं सुरू झालंय. काल जनाबाईच्या वाटेने चार शब्द सुनावले त्याला. दिवा मात्र रोज लावते आहे.

---

माळकरी | सोमवार, पहाटे ४.४५

ताई, काल घाटात दादा भेटले का कुणास ठाऊक, लाखांत कोण कुणाला ओळखणार. मी तुमच्या नावाने चाळीस पावलं मोजून चाललो. वडील चालायचे तशी.

---

हडपसरची सिस्टर | सोमवार, सकाळी ७.००

टाचा कशा आहेत? आणि रात्री हाक मारायला आजींजवळ काही ठेवलंय का? आवाज क्षीण असतो, ऐकू येत नाही. घंटी ठेवा एखादी.

---

नानापेठकरीण | मंगळवार, दुपारी ३.३०

टाचा चांगल्या आहेत. आज वॉकरवर दारापर्यंत आल्या, अकरा पावलं.

घंटी घरात नव्हती. सॅकमध्ये शेवटची उरलेली वस्तू म्हणजे वडिलांचे टाळ, ते पलंगाच्या कठड्याला बांधले. काल रात्री तीन वाजता वाजले. धडपडत गेले तर म्हणाल्या, "काही नको गं. वाजतात का ते बघितलं."